डाग न धरणारे लंगोट

ज्यांच्या बाळाच्या लंगोटाला डाग पडतो, त्यांनी हे वाचलं नाही तरी चालेल. घासा, उन्हात टाका आणि सुखाने राहा. ज्यांच्या बाळाच्या शीचा डाग पडत नाही, त्यांनी मात्र वाचणं इथेच थांबवावं आणि आधी बाळाला मुलांच्या डॉक्टरकडे नेऊन आणावं. मी कुठे पळून जात नाही. परत आल्यावर वाचा.

मी तलासरीच्या बाजारात शिलाईचं काम करते. ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश, लग्नसराईत फॉल-पिको. लिहिणं हा काही माझा धंदा नाही. पण माझ्या रोशनीला जे झालं ते होत असताना मला कुणीतरी एवढंच म्हणायला हवं होतं, की बाई, आमच्याही घरात असं झालं होतं. तसं म्हणणारं कुणी भेटलं नाही. म्हणून दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा मशीनवर वही ठेवून हे लिहिते आहे.

सव्वा महिना

बाळंतपणाला मी माहेरी गेले होते. कासा सोडून डोंगराच्या बाजूला गेलं की आमचा पाडा लागतो. घरात माझी आय, भाऊ, भावजय वनिता आणि तिचा काही महिन्यांचा मुलगा. भात झोडून कणगीत पडलं होतं, थंडी सुरू झाली होती, सगळ्यांना जरा उसंत होती. दवाखान्यात सुखरूप बाळंत झाले. मुलगी झाली, वजन बरं होतं, आवाज तर असा होता की शेजारच्या खाटेवरची बाई हसली.

दोन-तीन दिवसांत ती पिवळी दिसू लागली. डॉक्टर म्हणाले, बहुतेक बाळांना होते ही कावीळ, आपोआप जाते, नाही गेली तर घेऊन या. पुढे आशाताई घरी आली, वजन करून गेली आणि तीही म्हणाली की उन्हात धरा आणि पिवळेपणा राहिला तर दाखवा. आम्ही उन्हात धरलं. दाखवायचं राहिलं, कारण आम्हाला ती बरी होत असल्याच्या दोन खुणा दिसत होत्या.

पहिली खूण म्हणजे माळ. आयने पलीकडच्या पाड्यावरून काविळीची माळ करून आणली. कुठल्याशा झाडाच्या काड्यांचे तुकडे दोऱ्यात गुंफलेले असतात. ती डोक्यावर ठेवतात आणि ती हळूहळू सैल होत गळ्यात, छातीवर, पोटावर उतरते. माळ उतरली की कावीळ उतरली. रोशनीची माळ चार-पाच दिवसांत बेंबीपर्यंत आली. बघायला येणारी प्रत्येक बाई ती माळ बोटाने उचलून बघायची आणि समाधानाने चहा पिऊन जायची.

दुसरी खूण म्हणजे लंगोट. ते मी स्वतः शिवले होते. ब्लाउजच्या अस्तरासाठी आणलेला पांढरा सुती कपडा उरला होता, त्याचे गठ्ठाभर लंगोट करून मी माहेरी नेले होते. आमच्याकडे बाळंतिणीने सव्वा महिना पाण्यात हात घालायचा नाही. बाळाचे कपडे आजीने धुवायचे. तेव्हा माझ्या मुलीचे लंगोट बदलायची आय, न्यायची आय, धुवायची आय. मी आत खाटेवर पडून शेक घ्यायचे, खायचे आणि पाजायचे. लेकीचे लाड असतात ते एवढेच, आणि मी ते मनापासून करून घेत होते.

बोअरिंगच्या हापशावरून आय लंगोट धुऊन घेऊन यायची तेव्हा तिचा आवाज आत यायचा. ती वनिताला चिडवायची. "तुझ्या पोऱ्याचा डाग दगडावर आपटून फडका फाटला तरी जात नाय. आणि ही बघ. हिचा डाग धरीतच नाय. हिच्या आयसारखी साफ हाय." वनिता म्हणायची, ताईनेच कपडा चांगला आणलाय, मला असला कपडा कुणी दिला. मग दोघी हसायच्या आणि आत मीही हसायचे. लघवी मात्र गडद पिवळी व्हायची, पण तो ओलसर डाग साबणाच्या एका हातात जायचा. थंडीत मी पाणी कमी पिते म्हणून तसं होतं, असं आयने ठरवलं आणि मला गरम पाण्याचा तांब्या जास्तीचा मिळू लागला.

सव्वा महिना झाला. न्हाणं झालं, पूजा झाली, आणि दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदा स्वतः लंगोट बदलला.

शी पांढरी होती. भिंतीवर चित्रं लिहायला तांदूळ वाटतात ना, अगदी त्या पिठाच्या रंगाची. मी तो लंगोट घेऊन ओट्यावर उजेडात आले. समोर दोरीवर वनिताच्या मुलाचे लंगोट वाळत होते, एकेकावर पिवळे डाग पडलेले. त्यांच्याच शेजारी माझ्या मुलीचे, मी शिवले तेव्हा होते तसेच पांढरे. मी कितीतरी वेळ त्या दोरीकडे बघत उभी होते. मग आयला हाक मारली आणि विचारलं की हिची शी नेहमी अशीच असते का. आय म्हणाली, "अशीच. का गं?"

पिशवीतला लंगोट

डहाणूला मुलांच्या डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे गेलो. नवरा, दिनेश, उंबरगावच्या कारखान्यातली शिफ्ट सोडून आला होता. मी लंगोट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून बरोबर घेतला होता. बाहेर बसलेल्या बायकांना वास गेला असेल, त्यांनी तोंडं फिरवली. डॉक्टरांनी मात्र ती पिशवी उघडली, लंगोट खिडकीशी नेऊन पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला की किती दिवस असं आहे. मला उत्तर माहीत नव्हतं. माझ्याच मुलीबद्दलचं उत्तर मला माहीत नव्हतं.

आय दाराशी उभी होती. ती हळूच म्हणाली, "पयल्यापासून."

 डॉक्टरांनी रोशनीचं पोट दाबून पाहिलं, गळ्यातली माळ न तोडता बाजूला सरकवली आणि सांगितलं की आज संध्याकाळपर्यंत मुंबईला पोहोचा, मी फोन करते. मी विचारलं की गोळ्या-औषधाने नाही का जाणार. त्या म्हणाल्या, "मला शंका आहे ती खरी असेल तर ऑपरेशन लागेल. आणि ते दोन महिने भरायच्या आत झालेलं बरं. उद्यावर टाकू नका."

ॲम्ब्युलन्समध्ये मी आणि दिनेश बसलो. आयला मी म्हटलं की चल. ती म्हणाली, घरी गुरं आहेत. गुरांचं भाऊ बघतो हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. 

दोन शत्रू

मुंबईतल्या त्या मोठ्या हॉस्पिटलात बरीच रक्तं काढली, सोनोग्राफी केली, आणखी काय काय केलं. ते सगळं मला समजलं नाही आणि इथे लिहून तुम्हालाही त्याचा उपयोग नाही. उपयोग आहे तो डॉक्टरांनी शेवटी सांगितलं त्याचा. त्या डॉक्टर तरुण होत्या, स्टूल ओढून माझ्यासमोर बसल्या. आमच्याशी बसून बोलणाऱ्या त्या पहिल्याच.

त्यांनी सांगितलं की लिव्हरमध्ये पित्त तयार होतं, ते नळीतून आतड्यात जातं आणि त्यानेच शीला पिवळा रंग येतो. रोशनीची ती नळी बंद आहे. पित्त आतच साचतं आणि लिव्हर खराब करतं. म्हणून पिवळं जिथे असायला हवं तिथे नाही, आणि डोळ्यांत, कातडीत, लघवीत, नको तिथे आहे. त्यात तिच्या रक्तात एक वायरसही सापडला आहे, त्याचीही लिव्हरला सूज आहे. कोण आधी आलं, नळी आधी बिघडली की वायरस आधी शिरला, हे सांगता येत नाही. दोघांशी एकदम लढावं लागेल. वायरससाठी शिरेतून औषध, आणि नळीसाठी ऑपरेशन. ऑपरेशनमध्ये आतडं वर नेऊन लिव्हरलाच जोडतात.

"जमलं तर पित्त वाहायला लागेल," त्या म्हणाल्या. "नाही जमलं तर लिव्हर बदलण्याचा विचार करावा लागेल. आणि ती फार लहान आहे."

मी विचारलं की वायरस माझ्यामुळे आला का. त्यांनी सांगितलं की हा वायरस जवळपास प्रत्येक मोठ्या माणसाला कधी ना कधी होऊन गेलेला असतो, आपल्याला कळतही नाही. कुणाचा दोष नाही. शेजारच्यांना याची भीती नाही. फक्त पोटुशी बाईने बाळाची शी-शू हाताळताना जपावं, एवढंच.

मला ते पटलं. अडचण अशी झाली की दिनेशने घरी फोन करून त्यातला एकच शब्द सांगितला. कोरोनानंतर वायरस म्हटलं की आमच्याकडे म्हातारी माणसंसुद्धा तोंडाला पदर लावतात. आम्ही मुंबईत होतो तोवर तो शब्द तलासरीला सासरच्या पाड्यावर पोहोचला, कासाकडे माहेरच्या पाड्यावर पोहोचला, आणि दिनेशच्या कारखान्यात तर त्याच्या पाण्याच्या बाटलीपर्यंत पोहोचला. गुजराती मुकादमाने त्याला चांगल्या शब्दांत सांगितलं की भाई, तुझ्या घरात कमळो आहे, तू जरा वेगळा जेव. काविळीला तो कमळो म्हणतो.

वॉर्ड

दिनेशला परत जावं लागलं. सुट्ट्या वाढल्या असत्या तर त्याच्या जागी दुसरा माणूस उभा राहिला असता. रविवारी येतो म्हणाला, आणि रविवारी येत राहिला. मधले सगळे दिवस मी आणि रोशनी.

एकटेपणा म्हणजे आजूबाजूला माणसं नसणं असं मला आधी वाटायचं. त्या वॉर्डात तर पाय ठेवायला जागा नव्हती. पण सकाळी डॉक्टरांचा घोळका यायचा, माझ्या मुलीच्या पोटाबद्दल एकमेकांशी बोलायचा आणि जायचा. वॉर्डातल्या आयाबाई, ज्यांना सगळे मामी म्हणत, त्या यायच्या, चादर उचला म्हणायच्या. जेवणाची गाडी यायची. दिवसभरात माझ्याशी किती लोक बोलले, पण माझं नाव कुणी घेतलं नाही. मी तिथे "रोशनीची आई" होते, आणि रोशनी "सात नंबर". संध्याकाळी मी तिच्या कानात माझंच नाव सांगायचे, मंगल, मंगल, निदान तिला तरी माहीत असावं म्हणून.

एक नर्स पोटुशी होती. तिला माझ्या मुलीपाशी यायला मनाई होती. ती दारात उभी राहून लांबूनच विचारायची, खाल्लं का, झोपली का. आत न येणाऱ्या त्या बाईने जितकी चौकशी केली तितकी आत येणाऱ्या कुणी केली नाही.

आणि शेजारच्या खाटेवर हंसाबेन होत्या, वलसाडकडच्या. त्यांच्या मुलाचं लिव्हरच बिघडलं होतं, नळीचा प्रश्न नव्हता. त्या गुजराती बोलायच्या, मी माझं अर्धं मराठी अर्धं गुजराती. तलासरीत राहिल्याचा तेवढा फायदा. मी जेवत नाही असं दिसलं की त्या आपल्या डब्यातलं थेपलं माझ्या ताटात टाकायच्या आणि म्हणायच्या, "थोडुं खाई ले." त्याहून जास्त आम्ही फार बोललो नाही. बोलण्यासारखं दोघींकडे एकच होतं आणि ते दोघींना माहीत होतं.

आयचा फोन आला नाही. मी केला तर वनिता उचलायची. आय लाकडाला गेलीय. आय बाजाराला गेलीय. आय आत्ताच बाहेर पडली. एकदा मागून तिचा खोकला ऐकू आला, तरी वनिता म्हणाली की ती घरात नाही. मी फोन ठेवला. मला तेव्हा एकच वाटलं, की सगळ्या पाड्याला लागली तीच भीती माझ्या आयलाही लागली. बाकीच्यांचं मला काही नव्हतं. पण जिने मला सव्वा महिना पाण्याला हात लावू दिला नाही, ती माझ्या मुलीच्या वाऱ्याला उभी राहत नाही, याचा मला इतका राग आला की पुढे मीच फोन करणं सोडलं.

खिडकी

ऑपरेशनच्या दिवशी दिनेश यायचा होता. तो घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये अडकला. मी एकटीनेच सही केली आणि एकटीनेच तिला त्या हिरव्या दारापर्यंत नेलं. नर्सने तिला माझ्या हातातून घेतलं आणि म्हणाली, माळ काढावी लागेल. मी ती दातांनी तोडली. दोन्ही हात नुसते लोंबत राहिले, त्यांचं काय करावं मला कळेना. शेवटी मी ती माळ पदरात बांधली आणि पदराची गाठ धरून बाकड्यावर बसले. दिनेश पोहोचला तेव्हा ऑपरेशन झालं होतं. सर्जन म्हणाले, जोडणी चांगली झाली आहे, आता वाट बघायची.

कशाची वाट, तर शीच्या रंगाची. माझं सगळं आयुष्य त्या रंगावर येऊन थांबलं होतं. रोज राउंडला पहिला प्रश्न तोच, आज रंग काय. सुरुवातीच्या एक-दोन दिवसांचं ते धरत नव्हते, त्यानंतरचं मोजायचं होतं.

हॉस्पिटलात डायपर देत होते. मी म्हटलं, मला नको, माझे लंगोट आहेत. मामी वैतागल्या. पण डायपरमध्ये काय दिसतं? सगळं चिकट जेलीत जाऊन बसतं. रंग बघायचा तर पांढऱ्या सुती कापडावर बघावा, आणि दिवसाच्या उजेडात बघावा. हे मला कुणी डॉक्टरने शिकवलं नाही, हे माझ्या धंद्यातलं आहे. ट्यूबलाइटखाली धागा जुळवून दिला की गिऱ्हाईक उन्हात गेल्यावर परत येतं आणि विचारतं की हा कुठला रंग लावलास. म्हणून मी रीळ आणि कापड घेऊन नेहमी ओट्यावर जाते.

तरी एकदा फसलेच. संध्याकाळी दिवे लागल्यावर लंगोट बदलला आणि मला तो पिवळा दिसला. स्पष्ट पिवळा. मी दिनेशला फोन करून सांगून टाकलं. तो कारखान्याच्या गेटवर होता, नुसता हं हं करत राहिला. सकाळी तो लंगोट खिडकीत नेला. पांढरा होता. दिव्याचा पिवळा रंग त्याच्यावर पडला होता, बस. मी दिनेशला लगेच कळवलं नाही. त्याला एक दिवस तरी खूश राहू दे म्हटलं. दुपारी डॉक्टर रंग विचारायला आल्या तेव्हा मी मान हलवली आणि त्यांच्यासमोर पहिल्यांदा रडले.

त्यानंतर एका सकाळी उठले तर हंसाबेनची खाट रिकामी होती. चादर बदललेली, खाली ठेवलेली पिशवी नाही, डबा नाही. घरी गेल्या की आणखी काय, मी कुणाला विचारलं नाही. मला दोन्ही उत्तरं नको होती. माझ्या ताटात मग कुणी काही टाकलं नाही आणि मी दोन दिवस चहावर काढले.

पुढच्या आठवड्यात ऊन चांगलं पडलं होतं. रोशनीने सकाळी शी केली. मी सवयीने लंगोट घेऊन खिडकीशी गेले, काही आशा न धरता, दात घासायला जावं तशी. कापडावर पातळ वरणाचा रंग होता. मी तो उलटा केला, सुलटा केला, खिडकीबाहेर हात काढून उन्हात धरला. वरणाचाच रंग राहिला.

मी मागे वळले. सांगायला कुणी नव्हतं. दिनेश पाळीवर, हंसाबेन नाहीत, राउंडला वेळ होता. तेवढ्यात दारात ती पोटुशी नर्स आली. ती काही विचारायच्या आत मी वॉर्डाच्या मधोमध उभी राहिले आणि तो लंगोट दोन्ही हातांनी उंच धरून तिला दाखवला. इतक्या लांबून तिला दिसला असेल का कोण जाणे. तिने मात्र तोंडावर हात ठेवला आणि मग दारातूनच टाळ्या वाजवल्या. खाटांवरच्या सगळ्या आया माझ्याकडे बघत होत्या. एकीनेही नाक दाबलं नाही.

घरी

घरी आलो तेव्हा मला वाटलं होतं की आता संपलं. पण घरी आल्यावर मी वॉर्डातल्यापेक्षा एकटी होते.

मी बोअरिंगवर गेले की बायकांना अचानक कामं आठवायची. माझ्याकडे शिवायला टाकलेले ब्लाउज एकेकीने मुलांना पाठवून तसेच परत नेले, कापलेले होते तेसुद्धा. लग्नसराईत माझं मशीन बंद राहिलं, असं कधी झालं नव्हतं. दिनेशची आई वेगळी चूल मांडून बसली. वाईट बाई नाही ती, घाबरली होती. मी प्रत्येकीला सांगायचे की डॉक्टर म्हणालेत धरत नाही. ती मान डोलवायची आणि एक पाऊल मागे सरकायची. मग मी सांगणं सोडलं. दार लोटून रोशनीला मांडीवर घ्यायचे, औषधं द्यायचे, आणि लंगोट बघायचे. मध्येच ताप आला, पुन्हा मुंबईला जावं लागलं, पुन्हा रंग फिका झाला, पुन्हा आला. तो सगळा काळ मला आठवतो तो बंद दारासारखा.

आता रोशनी अडीच वर्षांची आहे. चालते, भांडते, माझ्या टेपने कोंबड्यांची मापं घेते. पोट थोडं मोठं आहे. औषधं रोज, तपासणी ठरलेल्या वेळी. डॉक्टर खोटी आशा दाखवत नाहीत. ही जोडणी किती वर्षं चालेल ते सांगता येत नाही, पुढे लिव्हर बदलावं लागू शकतं, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं आहे. काही मुलांना लागत नाही, काहींना लागतं. रोज सकाळी मी तिची शी उजेडात बघते. लोकांना किळस वाटते, वाटू दे.

माझ्या दुकानात पोटुशी बाई माप द्यायला आली की मी तिला लंगोटांचे तुकडे फुकट देते, पांढरे. आणि सांगते की सव्वा महिना कुणी कितीही धुऊन देवो, रोज एकदा स्वतः बघ. काही जणी हसतात. हसल्या तरी नेतात.

होळी

हे सांगितल्याशिवाय माझं लिहून होणार नाही.

हॉस्पिटलातून आल्यावर जी पहिली होळी आली, तिला मी माहेरी गेले. खरं तर जाणार नव्हते. वनिताने फोन करून सांगितलं की आय जेवत नाही, तू ये. मी रागातच गेले, म्हटलं विचारूनच येऊ.

पाड्यावर होळी रचायचं चाललं होतं, पोरं लाकडं ओढत होती. वनिताने धावत येऊन रोशनीला माझ्या कडेवरून घेतलं, पापे घेतले, आत नेलं. आय चुलीपाशी बसली होती. तिने मान वळवली नाही. वनिताने पोर तिच्यापुढे धरली तर ती सरकून बसली, जशा त्या बोअरिंगवरच्या बायका सरकायच्या. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

मी म्हटलं, "आय, तुला पण वायरसची भीती वाटते काय? ही तुझी नात हाय."

आय चुलीकडेच बघत होती.  मग म्हणाली, "मला कसली भीती. मी मरून जाईन तर बरा."

"मग आली का नाहीस? एक फोन नाही."

"कुठल्या तोंडाने येऊ?" ती म्हणाली. "मीच धूत होते ना. रोज माझ्या हातातून जात होता, आणि मी हसत होते. तिच्या डाक्तरणीने विचारला किती दिवस, तवा मला समजला मी काय धूत होते."

 इतके दिवस मी तिच्याशी मनात भांडत होते, आणि ती तिथे चुलीपुढे स्वतःशी भांडत बसली होती. दोघी एकट्या, मध्ये फक्त कासा ते तलासरी एवढा रस्ता. मी तिला म्हणाले की मी पण आतून ऐकून हसतच होते. तिने मान हलवली. ते तिच्या कामाचं नव्हतं.

तेवढ्यात वनिताने आतून हाक मारली की पोरीने शी केली. मी उठून लंगोट सोडला. चांगला भरला होता, पिवळाजर्द. मी तो तसाच गुंडाळला, चुलीपाशी आले आणि आयच्या हातात ठेवला.

तिने तो उघडला. बघतच राहिली. मग उठली, साबण घेतला आणि बोअरिंगच्या वाटेने गेली.

खूप वेळ आली नाही. बाहेर ढोल सुरू झाला होता. मी ओट्यावर येऊन बघितलं, तर ती दगडावर तो लंगोट घासत होती, आपटत होती, पिळून बघत होती आणि पुन्हा घासत होती. शेवटी ओला लंगोट घेऊन आली आणि माझ्यासमोर उलगडून धरला. मध्यभागी पिवळा डाग तसाच होता.

"नाय जात," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

मी म्हटलं, "राहू दे."

तिने हात पदराला पुसले आणि आत जाऊन वनिताकडून रोशनीला घेतलं. त्या संध्याकाळी होळीपाशी ती तिला कडेवर घेऊन सगळ्या पाड्यातून फिरली, कुणी मागे सरकलं तरी फिरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा दोरीवर कपडे वाळत होते. तो लंगोट सगळ्यात पुढे होता, वाटेच्या बाजूला. डाग बाहेर येईल असा तिने तो टाकला होता.